सिंगापूरला येताय? बॅग भरण्याआधी कस्टमचं एवढं वाचून घ्या

परदेशी निघालेल्या मराठी माणसाची बॅग सहसा तो एकटा भरत नाही. आई भरते, सासूबाई भरतात, शेजारच्या काकू आयत्या वेळी एक डबा घेऊन येतात आणि मामा म्हणतो, "एवढं आमच्या सोनूकडे पोचव, तुझ्याच बिल्डिंगपासून जवळ राहतो." यातलं प्रत्येक पुडकं प्रेमानं दिलेलं असतं. पण चांगी विमानतळावर बॅगेत काय आहे याचं उत्तर द्यावं लागतं ते फक्त तुम्हाला, आणि "मला माहीत नव्हतं, आईनं ठेवलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

सिंगापूरला येऊन मला काही वर्षं झाली. नव्यानं येणाऱ्या किती तरी मराठी घरांना मी पहिल्या आठवड्यात भेटते, आणि कस्टममध्ये अडकलेली माणसं जवळजवळ नेहमी साध्या घरगुती वस्तूंमुळे अडकलेली असतात: खसखस, खोकल्याचं औषध, नवी पाटली, तंबाखूची पुडी. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कराचा हिशेब समजून घ्या

सिंगापूर हे व्यापारावर उभं राहिलेलं बंदर आहे. त्यामुळे तिथे बहुतेक मालावर आयात शुल्क नाहीच. शुल्क फक्त चार प्रकारच्या मालावर आहे: दारू, तंबाखूचे पदार्थ, वाहनं आणि पेट्रोलियमचे पदार्थ. साडी, मोबाइल, कुकर, पुस्तकं, सोनं यांवर शुल्क शून्य.

पण जीएसटी आहे. तो आयात केलेल्या जवळजवळ सगळ्या नव्या वस्तूंवर लागतो. बरीच वर्षं हा दर ७ टक्के होता, १ जानेवारी २०२३ ला ८ झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. जुनी माणसं अजून सातचा हिशेब सांगतात, तो विसरा.

प्रवाशाला या जीएसटीत सूट मिळते. ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ सिंगापूरबाहेर राहून येत असाल तर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंवर कर नाही. ४८ तासांपेक्षा कमी वेळ बाहेर असाल तर ही मर्यादा १०० डॉलर.

आता पुढचं वाक्य दोनदा वाचा, कारण आपल्यापैकी बहुतेकांची गडबड इथेच होते. ही सूट एम्प्लॉयमेंट पास, वर्क परमिट, डिपेंडंट पास, स्टुडंट पास किंवा लाँग टर्म पास असणाऱ्यांना नाही. म्हणजे नोकरीसाठी आलेला माणूस, त्याची बायको आणि शिकायला आलेली मुलगी, तिघांनाही सूट शून्य. ती नागरिकांना, पर्मनंट रेसिडेंट असलेल्यांना आणि पाहुणे म्हणून येणाऱ्यांना आहे. पासवाल्याच्या नव्या वस्तूवर पहिल्या डॉलरपासून ९ टक्के लागतात.

वापरलेले कपडे, रोजचा लॅपटॉप, अंगावरचं जुनं मंगळसूत्र हे स्वतःचं सामान आहे, त्यावर काही नाही. प्रश्न नव्या वस्तूंचा आणि भेटींचा आहे. भेट तुम्ही विकत घेतलेली नसली तरी ती नवीच वस्तू असते.

पहिली पायरी: घरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर

निघायच्या दोन दिवस आधी सगळी पुडकी टेबलावर मांडा आणि प्रत्येक पुडकं उघडा. दुसऱ्यानं बंद करून दिलेलं काहीही तसंच बॅगेत टाकू नका. मामाच्या सोनूचं पार्सलसुद्धा उघडा. मामा रागावले तर रागावू देत.

सगळ्यात आधी खसखस.

आपल्याकडे खसखस वाण्याकडे मिळते, आणि ती अफूच्याच झाडाची बी आहे हे स्वयंपाकघरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, आणि त्याच पिकाची बी आपल्या फोडणीत येते. सिंगापुरात मात्र खसखस सेंट्रल नार्कोटिक्स ब्युरोच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी खात्याच्या अखत्यारीत येते, कारण बियांवर मॉर्फिनचा अंश असू शकतो. प्रयोगशाळेतली तपासणी आणि ब्युरोची परवानगी असल्याशिवाय ती आणता येत नाही. घरच्या पाव किलोसाठी हे कुणी करत नाही, म्हणजे आपल्यापुरता अर्थ सरळ आहे: आणायची नाही. आखाती देशांतही खसखशीबाबत कायदा फार कडक आहे, तेव्हा दुबईमार्गे येणाऱ्यांनी तर तिचा विचारही करू नये.

माझ्या पहिल्या दिवाळीनंतर नाशिकहून परत निघताना सासूबाईंनी अनारशांचा स्टीलचा डबा भरला होता. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला दाट खसखस, प्रत्येक थराखाली केळीच्या पानाचा तुकडा. सोबत पाव किलो खसखशीची पिशवी, "तिकडे मिळत नाही म्हणालीस ना" म्हणून. ती का मिळत नाही हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. रात्री अकरा वाजता सिंगापूरच्या एका वहिनींचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला, बोलता बोलता डब्याचा विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच्या आत्ता बॅग उघड." पट्टे बांधलेली बॅग आम्ही ओट्याजवळ फरशीवर उघडली. डबा काढल्यावर तळाशी खसखशीचे दाणे सांडलेले दिसले, कपड्यांच्या घड्यांतही गेले होते. साड्या झटकल्या, बॅगेचे कोपरे ओल्या फडक्यानं पुसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या वर्षीपासून त्या माझ्यासाठी तिळावरचे अनारसे थापतात.

खसखस कुठे कुठे लपलेली असते ते पाहा. डिंकाच्या लाडवात असते, करंजीच्या सारणात असते. बाकरवडीच्या मसाल्यात असते, तेव्हा पुड्याच्या मागचे घटक वाचा. कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, काही घरांचा गोडा मसाला यांतही पडते. दळलेल्या मसाल्यात दाणे दिसत नाहीत हे खरं, तरी माझा सल्ला असा की सिंगापूरला न्यायचा मसाला खसखस वगळूनच करायला सांगा. चवीत थोडा फरक पडतो. पण दाणे दिसणारा पदार्थ अधिकाऱ्यानं बाजूला काढला तर त्याला समजावायला आपल्याकडे काही नसतं.

दुसरं, तंबाखू. गुटखा, खैनी, जर्दा, मावा, चघळायची तंबाखू, सगळ्याला बंदी आहे. कर भरून आणता येईल अशी ही गोष्ट नाही, ती आणताच येत नाही. सासऱ्यांना किंवा वडिलांना पहिल्यांदा बोलावताना हे आधी, स्पष्ट आणि प्रेमानं सांगा. चुन्याची डबी आणि पुडी सदऱ्याच्या खिशात राहते, बॅगेत नसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. सिगारेट आणता येते, पण तिला कसलीच सूट नाही. अगदी एका सिगारेटवरही शुल्क आणि जीएसटी आहे. ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, १ फेब्रुवारी २०१८ पासून जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि २०२५ पासून कारवाई आणखी कडक झाली आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा येत असेल तर त्याच्याशी हे मोकळेपणानं बोला.

तिसरं, भांग. गंमत म्हणूनही नको. महाशिवरात्रीची थंडाई, होळीची गोळी, भांग घातलेल्या पचनाच्या आयुर्वेदिक वड्या आपल्याकडे काही ठिकाणी दुकानात मिळतात. सिंगापूरच्या कायद्यात भांग म्हणजे गांजाच, आणि ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा आणल्याची शिक्षा फाशी आहे. थोडा असला तरी तुरुंग आहे. दुसऱ्याचं पुडकं न उघडता आणू नका असं मी वर म्हटलं, त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

च्युइंगम. जानेवारी १९९२ पासून आयातीला बंदी आहे. त्या काळी नव्या मेट्रोच्या दारांवर लोक गम चिकटवायचे, दारं बंद व्हायची नाहीत आणि गाड्या थांबायच्या. २००४ पासून औषधी गम फार्मासिस्टकडून मिळतो, पण प्रवासात चघळायला घेतलेलं पाकीट विमानातच संपवा किंवा टाकून द्या. मुलांच्या दप्तराचे कप्पे तपासा.

शिवजयंतीसाठी तलवार, कट्यार, दांडपट्टा घेऊन यायची इच्छा मला मनापासून समजते. पण तलवारी, भाले, कट्यारी आणि खेळण्यातली बंदूकसुद्धा पोलिसांच्या परवान्याखाली येते. पिस्तुलाच्या आकाराचा लायटरही चालत नाही. मंडळाच्या कार्यक्रमासाठी काही हवं असेल तर आधी परवानगी काढा, नाहीतर पुठ्ठ्याची तलवार इथेच करा. आमच्या मुलांनी सोनेरी कागद लावून केलेली जिरेटोपासकट छान दिसली होती. फटाके, फुलबाज्या कुठल्याही रूपात आणू नका.

तुळशीचं रोप. मातीसकट कुंडी तर नाहीच, पण ओल्या कापडात गुंडाळलेलं रोपही आणता येत नाही. भारतातून रोप आणायचं तर एनपार्क्सचा, म्हणजे इथल्या उद्यान खात्याचा परवाना आणि आपल्याकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. इथल्या रोपवाटिकांत तुळस मिळते.

खाण्याचं बाकीचं बहुतेक सगळं आणता येतं: चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, पापड, कैरीचं लोणचं, तूप, गूळ, कोकम. स्वतःपुरतं आणा, दहा घरांना पुरेल इतकं नको, नाहीतर ते व्यापारासाठी आहे असं वाटू शकतं. मांसाचं वेगळं आहे. मटणाचं लोणचं, चिकन सुक्कं हे मांसाचे पदार्थ आहेत, आणि सिंगापूर फूड एजन्सीनं मान्य केलेल्या देशांतूनच ते येऊ शकतात. ती यादी पाहिल्याशिवाय आणू नका. सुकट-बोंबील थोडे आणले तर चालतात, फक्त पॅकिंग घट्ट हवं. खरं सांगायचं तर टेक्का मार्केट आणि सेरंगून रोडवर डाळी, पोहे, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, मेथी सगळं मिळतं. बॅगेतली जागा इथे न मिळणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा: घरचं मेतकूट, आजीच्या हातची भाजणी.

दुसरी पायरी: औषधं

स्वतःसाठी तीन महिने पुरतील इतकी साधी औषधं आणता येतात. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्यांना अडचण येत नाही. पण काही औषधांना, प्रमाण थोडं असलं तरी, हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची, म्हणजे इथल्या औषध खात्याची आधी परवानगी लागते. त्यात आपल्या घरात सर्रास असणारी ही नावं लक्षात ठेवा: कोडीन, जे काही खोकल्याच्या औषधांत असतं, ट्रॅमाडॉल, पाठदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांत, आणि अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम, झोपेच्या नि घबराटीच्या गोळ्यांत. आपल्याकडे बाटलीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं मूळ नाव बारीक छापलेलं असतं. चष्मा लावून ते बारीक नाव वाचा.

परवानगीचा अर्ज येण्याच्या किमान १० कामाचे दिवस आधी करायचा असतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी इंग्रजीत हवी, तिच्यात औषधाचं मूळ नाव, डोस आणि रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. पासपोर्टवर "सुमन" आणि चिठ्ठीवर "आक्का" असं नको. गोळ्या मूळ पट्टीत ठेवा. सोमवार ते रविवार खणांच्या डबीत काढलेल्या गोळ्या कुठल्या आहेत हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी पायरी: सोनं आणि रोख पैसे

लग्न होऊन नव्यानं येणाऱ्या मुलींनी हा भाग सावकाश वाचावा. मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, कानातले हे वापरातले दागिने आहेत. पण नवी पाटली, न वापरलेला तन्मणी, नणंदेसाठी घेतलेली अंगठी या नव्या वस्तू आहेत, आणि पास असणाऱ्यांना सूट नाही हे वर सांगितलंच.

मी स्वतः यात चुकले आहे. माझ्या लेकीसाठी नाशिकच्या सराफाकडून केलेल्या पाटल्या घेऊन येत होते, किंमत साधारण दीड हजार सिंगापूर डॉलर. ५०० डॉलरची सूट धरून एक हजारावर ९० डॉलर कर होईल असा हिशेब करून मी रेड चॅनलच्या, म्हणजे सामान जाहीर करायच्या काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी पासकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की या पासवर सूट नसते. कर १३५ डॉलर झाला. त्यांनी सराफाची पावती पाहिली, रुपयांचे डॉलर केले, कार्डानं पैसे घेतले, छापील पावती दिली. सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. ४५ डॉलर जास्त गेले ते माझ्या अर्धवट माहितीमुळे, पण ती पावती मी आजही पाटल्यांच्या डबीतच ठेवली आहे. पुढच्या कुठल्याही प्रवासात कुणी विचारलं तर दाखवायला ती आहे.

म्हणून सराफाची पावती बॅगेत नको, पर्समध्ये हवी. पावती इंग्रजीत, वजन आणि किंमत स्पष्ट लिहिलेली हवी.

गुंतवणुकीच्या सोन्याचं गणित निराळं आहे. ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोन्याची ठरावीक निकषांत बसणारी बिस्किटं आणि नाणी यांना ऑक्टोबर २०१२ पासून जीएसटी नाही. दागिने त्यात येत नाहीत.

अजून एक काम भारतातून निघतानाच करायचं असतं आणि बहुतेक जण ते विसरतात. भारी दागिने घालून किंवा घेऊन निघत असाल आणि ते पुन्हा घेऊन यायचे असतील, तर मुंबई-पुण्याच्या विमानतळावर निघतानाच भारतीय कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. दागिना दाखवायचा, वर्णन आणि वजन लिहून घ्यायचं, शिक्का. परत येताना "हे सोनं बाहेरून आणलं का?" या प्रश्नाला हा कागद उत्तर देतो. त्यासाठी तासभर आधी पोचा.

रोख रक्कम: २०,००० सिंगापूर डॉलरपेक्षा जास्त किंवा तेवढ्या किमतीचं कुठलंही चलन सोबत असेल तर ते कळवावं लागतं. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा. मे २०२४ पासून हे ऑनलाइनच करायचं आहे. पैसे आणायला मनाई नाही, न कळवणं हा गुन्हा आहे. भारतातून निघताना मात्र भारतीय रुपये २५,००० पर्यंतच नेता येतात.

चौथी पायरी: चांगीवर उतरताना

येण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात प्रवेशाचा सरकारी फॉर्म, ऑनलाइन भरा. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

कर भरण्यासारखं काही असेल तर तेही सिंगापूर कस्टम्सच्या वेब ॲपवर येण्याआधी तीन दिवसांपासून जाहीर करून भरता येतं. मग ई-पावती फोनवर ठेवायची आणि ग्रीन चॅनलमधून बाहेर पडायचं. मला हाच रस्ता सगळ्यात सोपा वाटतो, विशेषतः लहान मुलं सोबत असताना.

बॅगा घेतल्यावर दोन रस्ते दिसतात. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर ग्रीन चॅनल, असेल किंवा शंका असेल तर रेड चॅनल. आपल्याकडची माणसं रेड चॅनलला घाबरतात, तिकडे गेलं की गुन्हेगार समजतील असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नाही. तिथे जाऊन "माझ्याकडे हे आहे, यावर काही भरायचं आहे का?" असं विचारणाऱ्याला कुणी ओरडत नाही. ग्रीनमधून निघालात आणि बॅगेत काही सापडलं तर मात्र "मी सांगणारच होतो" याला अर्थ उरत नाही. चुकवलेल्या शुल्काच्या नि जीएसटीच्या २० पटीपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास असा कायदा आहे. पासवर राहणाऱ्यासाठी दंडापेक्षा मोठा धोका पास गमावण्याचा असतो.

दारूबद्दल थोडक्यात. वय १८ पूर्ण हवं, ४८ तास किंवा जास्त सिंगापूरबाहेर असायला हवं, मलेशियातून येत नसावं आणि बाटली स्वतःसाठी असावी. मग एकूण दोन लिटर करमुक्त: एक लिटर स्पिरिट (व्हिस्कीसारखी कडक दारू) आणि एक लिटर वाइन किंवा बिअर, किंवा वाइन-बिअर मिळून दोन लिटर. दोन्ही लिटर स्पिरिट चालत नाही, दोन बाटल्या व्हिस्की आणणारे इथेच चुकतात. ही सूट पासवाल्यांनाही आहे. विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातली बाटली याच दोन लिटरमध्ये मोजली जाते. स्पिरिटच्या जास्तीच्या बाटलीवर शुल्क शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ डॉलर, म्हणजे ७५० मिलीच्या ४० टक्क्यांच्या बाटलीवर २६ डॉलर ४० सेंट, वर जीएसटी.

घरसामान जहाजानं येत असेल तर

बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी मोठी सवलत आहे आणि ती पासवाल्यांनाही मिळते. वापरलेल्या घरगुती सामानावर जीएसटी माफ होतो, अट अशी की सामान किमान तीन महिने तुमच्या मालकीचं आणि वापरातलं असावं, तुम्ही सिंगापूरला आल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते पोचावं, आणि आल्यावर तीन महिने ते विकू नये. दारू, तंबाखू, गाडी यात येत नाही.

माल हलवणारी कंपनी परवान्याचं काम करते, पण सामानाची यादी तुम्हीच करा. "किचन आयटम्स, १ खोका" असं लिहू नका. "पितळी परात १, कुकर २, पुरणयंत्र १, लोखंडी तवा २" असं लिहा. निघायच्या आधी घेतलेला नवा फ्रिज किंवा मिक्सर वेगळा दाखवा, त्यावर कर भरा. देव्हाऱ्यात मोरपिसं असतील तर ती घरीच ठेवा, भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. चंदनाच्या लाकडाच्या ओंडक्यालाही तेच.

घरून येणारं फराळाचं पार्सल

पोस्टानं किंवा कुरिअरनं येणारं पार्सल ४०० सिंगापूर डॉलरच्या आत असेल तर येताना त्यावर जीएसटी लागत नाही. ही ४०० ची किंमत वाहतूक आणि विमा धरून मोजतात. परदेशी ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या स्वस्त मालाचं मात्र १ जानेवारी २०२३ पासून बदललं आहे, तिथे जीएसटी विकत घेतानाच बिलात लागतो.

पार्सलच्या फॉर्मवर आईला नीट नावं लिहायला सांगा. "फूड" एवढंच लिहिलं की खोका उघडला जातो आणि चकल्यांचा चुरा होतो. आणि पुन्हा तेच: पार्सलमध्येही खसखस नको.

जोहोर बाहरूच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या

महिन्याभरात कुणीतरी तुम्हाला म्हणेल, "चला, जेबीला जाऊन येऊ, सगळं स्वस्त असतं." जेबी म्हणजे जोहोर बाहरू, सीमेपलीकडचं मलेशियातलं शहर. जरूर जा. पण वुडलँड्स आणि तुआसच्या सीमेवरच्या नाक्यांवरही हेच सगळे नियम आहेत. मलेशियातून येताना दारूची सूट शून्य आहे, कितीही दिवस राहिलात तरी. पासवाल्याला खरेदीवर जीएसटीची सूट नाही. गम आणि व्हेप तिकडे सहज मिळतात, इकडे आणता येत नाहीत.

सिंगापूरमध्ये नोंदलेली गाडी घेऊन जाणार असाल तर टाकी किमान पाऊण भरलेली हवी. हा नियम १९९१ पासून आहे, तिकडचं स्वस्त पेट्रोल भरून येण्यावर आळा म्हणून. काटा पाऊणच्या खाली दिसला तर परत पाठवतात आणि दंड ५०० डॉलरपर्यंत जातो. नाक्याच्या रांगेत तास-दीड तास गाडी चालू राहते आणि तेवढ्यात काटा खाली येतो, म्हणून जवळच्या पंपावर टाकी पूर्णच भरा.

सिंगापूरमधून बाहेर नेताना

भेटीला आलेल्या आई-बाबांना खरेदीवरचा जीएसटी परत मिळतो. ते पाहुणे असल्यामुळे त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही. वय १६ च्या पुढे, योजनेत असलेल्या दुकानातून किमान १०० डॉलरची खरेदी, आणि खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत चांगीवरून माल सोबत घेऊन जाणं या अटी आहेत. एकाच दुकानाची एकाच दिवसाची तीन बिलं एकत्र करता येतात. दुकानात बिल करताना त्यांचा मूळ पासपोर्ट द्या, म्हणजे खरेदी आईच्या नावावर चढेल. तुमच्या कार्डावर आणि तुमच्या नावावर केलेली खरेदी नंतर बदलता येत नाही.

विमानतळावर वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्याआधी रिफंडच्या यंत्राकडे जा. बॅग गेल्यावर वस्तू दाखवायला सांगितली तर काय करणार? माझ्या आईचं घड्याळ आम्ही मुद्दाम हातातल्या पिशवीत, डब्यासकट आणि बिलासकट ठेवलं होतं. यंत्रावर पासपोर्ट टेकवला, खरेदी दिसली, काम पाच मिनिटांत झालं.

मग भारतीय बाजू. एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने करमुक्त आणता येतात. बिस्किटं आणि नाणी यात मोडत नाहीत. दोन महिने मुलाकडे राहून परतणाऱ्या आईला ही सवलत नाही, तिला मुस्तफा या इथल्या मोठ्या दुकानातल्या सोन्याच्या बांगड्या घालून पाठवू नका. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो. दारू दोन लिटर. भेटवस्तूंच्या एकूण किमतीची मर्यादा सरकार अधूनमधून बदलतं, ती प्रत्येक वेळी निघण्याआधी भारतीय कस्टमच्या साइटवर पाहून घ्या, गेल्या वेळचा आकडा धरू नका. ड्रोन आणि ई-सिगारेट भारतात नेता येत नाहीत. परकीय नोटा ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त असतील तर उतरताना जाहीर करा.

आई-बाबा परत जाताना त्यांच्या बॅगेतही तुम्ही बरंच काही भराल. त्या रात्री टेबलावर सगळं मांडा, पावत्या एका पाकिटात घाला, पाकिटावर मोठ्या अक्षरात "कस्टम" लिहा आणि ते बाबांच्या शर्टाच्या खिशात नाही, आईच्या पर्समध्ये ठेवा.